बारा प्रश्नचिन्हं, दोनदा

प्रिय बाबा,

आज तुमच्या खुर्चीत बसले. तुम्ही गेल्यापासून पाच महिने आईने तिथे कुणालाही बसू दिलं नव्हतं. पण सोसायटीच्या नव्या सेक्रेटरींना तुमच्या काळातल्या नोटिसा हव्या होत्या, म्हणून तिनेच कॉम्प्युटरवरचं फडकं काढून दिलं. काम झालं, पण मला उठवेना. म्हणून हे लिहितेय.

मॉनिटरला तुमची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. ‘१५ – गच्ची. १२ (दोन आहेत) – वरची टाकी, खालचं पाणी. सगळ्यांत लांब – माझी.’ मला काही कळेना! मग स्क्रीनवर पाहिलं. फायलींच्या मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती, प्रत्येक अक्षराला आणि काना-मात्रेला तीन-तीन, आणि तुम्ही ती मोजून फाइल ओळखत होतात. दोन वर्षं! चष्मा कपाळावर, बोट स्क्रीनवर, आणि मोजताय. आधी मला हसूच आलं हो.

मग आठवलं, ही वाट मीच लावली होती. जुना कॉम्प्युटर रडायला लागला म्हणून एका रविवारी मी घाईघाईत नवी सिस्टिम टाकली. कुठली भाषा, कुठली अक्षरं धरायची ते त्याने विचारलं, तेव्हा न वाचताच पुढे गेले. या सेटिंगला आम्ही लोकेल म्हणतो. ती चुकली आणि त्याला मराठी नावं वाचताच येईनात. आणि मी पोटासाठी काय करते? दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरमधल्या याच चुका दुरुस्त करते!

मी इथे मुलुंडला आले की तुम्ही विचारायचात, "मेघू, वायच हय बघ गो, माझी नावां खंय गेली?"

"फाइल उघडल्यावर आतलं दिसतंय ना? मग चालतंय. पुढच्या वेळी करते."

दर वेळी हेच. एकदा तरी रागवायचंत ना बाबा! का नाही रागावलात?

आज एक ओळ बदलली, मराठी अक्षरं ओळखणारं यूटीएफ-८ केलं आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. आईने ठेवलेला चहा निवायच्या आत झालंसुद्धा. टाकी, पाणी, गच्ची, सगळी नावं परत आली. आणि ती सगळ्यांत लांब रांग, जिच्यापुढे चिठ्ठीत तुम्ही फक्त ‘माझी’ लिहिलं होतं? तिचं नाव निघालं ‘मेघूला वेळ असेल तेव्हा’.

आत तेवीस प्रश्न. फोटो कसे पाठवायचे? हिच्या मोबाइलवर अक्षर मोठं कसं करायचं? नावं का गेली? त्याच्यापुढे लिहिलंय, ‘घाई नाही, दमून येते ती.’ इथे मी रडले. शेवटचा प्रश्न कॉम्प्युटरचा नव्हताच. ‘भांडुपच्या नव्या घरात करमतं का तिला?’

नाही करमत, बाबा. विचारायचंत की हो!

चिठ्ठी मी काढलेली नाही. आतून आई हाक मारतेय, मोबाइलवरचं काही वाचता येत नाही म्हणून. ‘पुढच्या वेळी’ हे शब्द मी या घरात पुन्हा उच्चारणार नाही, हा माझा शब्द. उठलेच.

तुमची,
मेघू