माझ्या वाफेचा दोष नाही

दि. ४ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,

अ. आ. वि. वि. आशीर्वाद आधीच देऊन ठेवते, कारण पुढे मी चिडणार आहे.

तब्येत बरी. गुडघा कुरकुरतो, पण तो तर तुझ्याइतकाच जुना कुरकुऱ्या. लेकीच्या परीक्षा संपल्या का? तिला म्हणावं, आत्याला दोन ओळी लिहिल्याने हात झिजत नाहीत.

बाबांनी लॉन्ड्री काढली तेव्हा आपण कपडे धुवायचो. हल्ली मी शिव्या खाते. माणूस नवा कोरा शर्ट आणतो, दोन धुण्यांत त्याची बाही आखडते, बगलेतली शिलाई उसवते, आणि गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं जणू मीच दातांनी उसवली. शाळेच्या नव्या गणवेशाचा निळा रंग शेजारच्या चादरीला लागतो, तोही माझ्याच नावावर. बाबांच्या वेळचे कोट अजून येतात माझ्याकडे, आजोबांचा कोट नातू घालतो. कोपरं झिजलीत, पण खांदा कसा ताठ! आणि आताचं कापड उजेडात धरलं की पलीकडची सायकल दिसते.

आता मुद्द्याचं. चौकातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नवा राखाडी कोट आणला. एकदाच घातलेला. आतल्या चिठ्ठीवर लिहिलंय तसंच ड्रायक्लीन केलं. बाहेर काढला तर छातीवर कांजिण्या उठाव्यात तसे फुगेच फुगे. छाती ताठ ठेवणारं आतलं बक्रम कापडापासून सुटलेलं. पूर्वी शिंपी ते हाताने टाके घालून बसवायचे, आता गोंदाने चिकटवतात. हे तुला मी काय सांगू, त्याच मशीनांवर तू सुपरवायझर आहेस! कोट उलटून शिक्का पाहिला, तर तुमचीच कंपनी.

कोट विकणाऱ्या दुकानदाराने बाईंना सांगितलं की लॉन्ड्रीवालीने वाफ जास्त दिली. बाई तडक ग्राहक मंचात गेल्या. मला बोलावणं आलंय. तेव्हा खरं काय ते कळव. कोटात खोट आहे की नाही?

आता चिडून झालं. सौ.ला आठवण सांग.

तुझी,
ताई


दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पत्र वाचताना तुझा आवाज ऐकू आला, शेजारच्यांनाही आला असेल.

लेक तुला लिहिणार आहे, पण सध्या तिला आरशातून सवड नाही. सौ.ची पाठ धरली होती, आता बरी आहे. क्वार्टरच्या मागे तिने वांगी लावलीत आणि त्यांच्याशी ती माझ्यापेक्षा जास्त बोलते.

कोटाचं म्हणशील तर एका कोटावरून काय सांगणार? हजारो निघतात, एखादा बिघडतो. तुझं मशीनही आता जुनं झालंय, कधी वाफ जास्त होतही असेल. माझं ऐकशील तर बाईंना नवा कोट देऊन टाक, मी इथून पाठवतो, आणि मिटव. कंपनीच्या वाटेला जाऊन तुझ्या हाती मनस्तापाशिवाय काही लागायचं नाही. त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे, आणि तुझ्याकडे गुडघा.

रागावू नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
टिल्लू


दि. १६ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,

आशीर्वाद या खेपेला थोडे कमी.

तू मला वाफ शिकवतोस? पायाखाली पाट घेऊन तू इस्त्रीच्या टेबलाला हात पुरवायचास, तेव्हापासून मी वाफेपुढे उभी आहे. वाफेने बाबांची बोटं भाजलेली पाहिली, माझी भाजली, कोट कधी भाजला नाही. मशीन जुनं आहे हे खरं. जुनं आहे म्हणूनच धड आहे.

नवा कोट मी देणार नाही. दिला म्हणजे मी चुकले असं झालं, आणि मी चुकलेले नाही. साधा हिशेब आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुकानाच्या काचेत एक दोरी बांधली आणि पाटी लावली : ‘कपडा फाटला? आधी शिवणाऱ्याला विचारा.’ दोरीवर माझा स्वतःचा, दोनदा धुतलेला झगा टांगला, कारण सुरुवात घरापासून केलेली बरी. दुसऱ्या दिवशी बस कंडक्टर आला, त्याच्या नव्या शर्टाचा खिसा सुट्ट्या पैशांच्या वजनाने खाली आलेला. त्याने तो शर्ट आपण होऊन टांगला. मग नर्सबाई आल्या. रुग्णाला उचलायला वाकल्या आणि नवी पँट मागून टर्रकन गेली, वॉर्डभर हशा. सांगताना त्या हसत होत्या, पण डोळ्यांत पाणी होतं. पँट टांगून गेल्या. आता दोरी पुरत नाही.

काल तुमच्या कंपनीचा एक गुळगुळीत माणूस आला. म्हणाला, त्यांच्या इथल्या सगळ्या दुकानांची धुलाई कायमची मला देतील, फक्त काच मोकळी करायची आणि कोटाच्या बाबतीत नजरचूक झाली असं लिहून द्यायचं. मी त्याला म्हटलं की बाबा रे, माझी नजर अजून शाबूत आहे, त्या नजरेला तुझ्या मागचा दरवाजा स्पष्ट दिसतोय. गेला.

तुला यात ओढणार नाही. पण मला खोटं लिहू नकोस. गप्प बसायचं तर बस, ते मला चालेल.

तुझीच,
ताई


दि. २७ फेब्रुवारी

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. ह्यांना न सांगता लिहितेय. तुम्हाला पत्र येत नाही म्हणून तुम्ही मनात काय काय म्हणत असाल ते मला कळतं.

परवा हे कामावरून एक नवा कोट घेऊन आले. जेवणाच्या टेबलावर पसरला आणि छातीचं कापड नखाने कोपऱ्यात उचकटलं. बरणीवरचा कागद निघावा तसं ते बक्रमावरून सोलून निघालं. ना वाफ, ना पाणी. आमची लेक बघतच राहिली. मग ह्यांनी सगळं सांगितलं. गोंद पक्का बसायला कापड गरम प्रेसखाली जितका वेळ धरायला हवं, त्याच्या निम्माही वेळ आता धरत नाहीत, कारण माल पटापट निघायला हवा. गोंदही हलका आणलाय. ह्यांनी साहेबांना दोनदा सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, लोकांना दरवर्षी नवा कोट हवाच असतो, आपण त्यांची सोय करतो.

वन्सं, पुढचं लिहायला हात चालत नाही. तुम्ही ह्यांच्या बहीण आहात हे कंपनीतल्या साहेबांना कळलंय. लॉन्ड्रीत वाफ जास्त दिल्यामुळेच बक्रम सुटलं असा कागद तयार करून त्यांनी ह्यांच्यापुढे ठेवला. कंपनीचे जाणकार म्हणून सुनावणीला जाऊन तेच सांगायचं. सही कर, नाहीतर नोकरी आणि क्वार्टर दोन्ही सोड.

मीच म्हणाले, सही करा. लपवत नाही. लेकीचं शिक्षण अर्ध्यात आहे, आणि ह्या वयात ह्यांना कोण उभं करणार? ह्यांनी सही केली. तेव्हापासून घरात बोलणं नाही. हे भिंतीकडे बघून जेवतात, मी वांग्यांकडे.

तुम्ही बेसावध राहू नये म्हणून कळवलं. माझा राग आला तर तो माझ्यावरच काढा, ह्यांच्यावर नको.

तुमची,
भावजय


दि. ३ मार्च

चि. सौ. भावजयबाईंस,

पोटभर आशीर्वाद.

तुझा राग? अगं, तू मला सावध केलंस. इतकं धाडस आमच्या घरात तुझ्याआधी कुणी केलं नव्हतं. सही कर म्हणालीस कारण घर तुला चालवायचंय. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं ते ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचा आव आणणार नाही.

त्याला म्हणावं, ये खुशाल आणि सांग काय सांगायचं ते. लहानपणी खिडकीच्या जागेवरून मी त्याचे केस उपटले होते, भर मंचासमोर पुन्हा उपटेन, पण संध्याकाळी जेवायला माझ्याकडेच यायचं. भांडण कोटाचं आहे, भावाचं नाही.

मात्र मी मागे हटणार नाही. वकील केलेला नाही. काचेतली दोरी तशीच्या तशी उचलून नेणार आहे. कंडक्टर, नर्सबाई, सगळे येतो म्हणालेत. हरले तर हरले. पण माझ्या तोंडून ‘चूक माझी’ हे शब्द कुणाला ऐकायला मिळणार नाहीत.

तू नीट खा. आणि वांग्यांशी बोलून झालं की त्याच्याशीही बोल.

तुझी,
वन्सं


दि. १३ मार्च

चि. सौ. भावजयबाईंस,

अ. आ. टिल्लू माझ्याकडे आहे, सुखरूप आहे. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर आडवा होऊन घोरतोय. फोनवर तो तुला तुटक काहीतरी बोलला असेल, म्हणून मी नीट लिहिते.

मंचाची खोली लहान, त्यात माझी माणसं दाटीने बसलेली. मांडीवर फाटके कपडे घेऊन बसलेली इतकी माणसं अध्यक्षबाईंनी कधी पाहिली नसावीत. त्यांनी आधी विचारलं की ही सगळी साक्षीला आलीत की रफूला.

कंपनीच्या वकिलाने तो कागद वाचून दाखवला. मी टिल्लूकडे पाहिलं, तो जमिनीकडे पाहत होता. मग त्याला उठवलं आणि सही तुमचीच का असं विचारलं. तो म्हणाला, सही माझी आहे, मजकूर माझा नाही. वकील हसला, त्याला वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. टिल्लू पुन्हा म्हणाला, या वेळी मोठ्याने. मग प्रेस, वेळ, गोंद, साहेबांना सांगितलेलं, सगळं बोलला. अध्यक्षबाईंनी त्याला बजावलं की याचे परिणाम होतील. तो म्हणाला, ते घरी बोलून झालंय. बायको म्हणाली, खोटं सांगून परत आलात तरी भिंतीकडेच बघत बसाल, त्यापेक्षा खरं सांगून या.

हे तू कधी म्हणालीस गं? मला कळवलंही नाहीस!

मग डॉक्टरीणबाई उठल्या. मला वाटलं माझ्यावर येणार. पण त्या अध्यक्षबाईंना म्हणाल्या की माझी तक्रार आहेच, फक्त दार चुकलं. माझ्याविरुद्धची तक्रार तिथेच निकालात निघाली. कंपनीविरुद्ध त्या नवी घालणार आहेत. त्याला वेळ लागेल, आणि शेवटी काय होईल सांगता येत नाही. बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि नुसत्या उभ्या राहिल्या. मीही काही बोलले नाही. दातांच्या डॉक्टरपुढे तोंड बंद ठेवलेलं बरं.

कंपनीने त्याला तिथल्या तिथे काढलं. तुम्ही तिघं इकडे या. वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत आणि लेकीच्या कॉलेजात मी स्वतः जाऊन चौकशी केली आहे. उपकार म्हणून बोलावत नाही. माझ्याकडे उसवलेल्या कपड्यांचा डोंगर झालाय, आणि ते पुन्हा धड शिवू शकणारा माणूस आत्ता घोरतोय.

वाट पाहणारी,
वन्सं


दि. १९ मार्च

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. हे काल पोचले. आम्ही येतोय. सामान बांधून झालं, वांगी शेजारणीला दिली. लेक आधी रडली, मग वरची कुठली खोली तिची यावरून बापाशी भांडली, म्हणजे ती ठीक आहे.

सकाळी प्रेसवरच्या बायका आल्या होत्या, सामानाच्या डब्यांना दोऱ्या बांधून दिल्या. त्यातल्या दोघींनी काल हलक्या गोंदाचा डबा उघडायलाच नकार दिला म्हणे. साहेब ओरडले, तर त्या हात धुऊन बाकावर बसल्या. पुढे काय होतं बघू.

आत्ता हे पत्र ट्रंकेवर बसून लिहितेय. समोर दारात कंपनीचा अधिकारी उभा आहे, क्वार्टरची किल्ली मागायला आलाय. मी म्हटलं, देते की. घर झाडून पुसून ठेवलंय, नळही गळत नाही. फक्त माझ्या नवऱ्याला कोणत्या कारणासाठी काढलं ते दोन ओळींत लिहून सही करून द्या. तो म्हणाला, त्याची काही गरज नाही. मी म्हटलं, मग मलाही उठायची गरज नाही. तो म्हणाला, कागद नाही. मी याच वहीतला एक फाडून दिला, लेकीचं पेनही दिलं.

मला वाटलं होतं, मला भीती वाटेल. पण नाही वाटत. हे आतून हाक मारतायत की जाऊ दे, आणि मी ऐकू न आल्यासारखं करतेय.

माझं पत्र संपत आलं. त्याचा कागद अजून कोराच आहे.

लवकरच भेटू, तोवर लोभ तिथेच ठेवा, आम्ही घ्यायला येतोय.

तुमची,
भावजय