निर्जंतुक काकू

४ मार्च, सोमवार

पट्टी! सकाळपासून लॅबमध्ये दुसरा शब्द नाही. बोटभर लांबीचा कागद, पण सरांनी तो असा काही उंच धरला की जणू आत्ताच बाळंत होऊन आलेत. म्हणे अन्नाचा नमुना रात्रभर भिजवायचा, सकाळी त्यात पट्टी बुडवायची, दहा मिनिटांत कळणार साल्मोनेला, म्हणजे विषबाधेचा जंतू, आहे की नाही. निळी रेघ उमटली तर आहे. नाही उमटली तर खुशाल जेवा.

मी विचारलं, आणि पट्टी चुकली तर? सर हसले. माझी पद्धत आजीच्या काळातली, असं सगळ्यांदेखत म्हणाले. चार दिवस प्लेटा उबवत बसायचं, जंतूंचे ठिपके उगवले की मोजायचे. हो, आजीच्याच काळातली. आजी विषबाधेने मेली नाही एवढं मात्र खरं.

ठरलं असं — अन्नाचे चाळीस नमुने, प्रत्येकाचे दोन भाग. एक पट्टीला, एक मला. बघू कोण खरं बोलतं. नमुन्यांसाठी लांब जायला नको, बावीस पायऱ्या उतरलं की कँटीन आहे.

५ मार्च

चष्मा पुन्हा हरवला. फ्रीजमध्ये सापडला, दुधाच्या पिशवीशेजारी. संध्याकाळी लेक चष्म्याला बांधायची दोरी घेऊन आली. जाड, विणलेली, तपकिरी. "आई, आता गळ्यात घाल. नाहीतर एक दिवस स्वतःलाच शोधत बसशील." नवऱ्याने पेपरातून मान वर न करता सांगितलं की आता हातात फक्त छडी द्यायची राहिली.

माणसाला घरात मान असावा तर असा.

८ मार्च

पट्टीचं काम तिकडच्याकडे गेलं. हा आमचा नवा संशोधक. अकरा महिने बाहेरच्या विद्यापीठात राहून आला, तेव्हापासून प्रत्येक वाक्य "तिकडे असं नसतं" ने सुरू होतं. तिकडे बहुतेक हातही धूत नसावेत. आज पिपेट कानामागे खोचून फोनवर बोलत होता.

११ मार्च, सोमवार

आजपासून चार दिवस, रोज दहा नमुने. माझ्या भागाला दुसऱ्या कुणाचाही हात लागू द्यायचा नाही असं मी पहिल्यांदाच जाहीर करून टाकलं. वजन मी करणार, चंबू मी भरणार, वहीत मी लिहिणार. मदत करू का, म्हणून मुंगी विचारायला आली होती. मुंगी म्हणजे पीएचडी करणारी मुलगी. दिवसभर भिंतीकडेने ये-जा करते, आवाज नाही, काम मात्र डोंगराएवढं. तिलाही परत पाठवलं. मुलं पाठीमागे मला निर्जंतुक काकू म्हणतात, ते मला ठाऊक आहे. म्हणोत! पदवी समजून मिरवते.

रोज शेवटी एक चंबू कंट्रोलचा. म्हणजे त्यात जंतू आपणच मुद्दाम सोडायचा. तो उगवला तर तपासणी नीट चालली आहे असं समजायचं. हा आमचा पाळीव साल्मोनेला, निळ्या दिव्याखाली हिरवा चमकतो. बाहेरच्या कुठल्याही जंतूशी गल्लत होऊ नये म्हणून त्याला तसा बनवलेला. दिवा सरांच्या कपाटात असतो, किल्ली सरांच्या खिशात. मला वीस वर्षांत कधी लागला नाही. "कंट्रोल शेवटी" ही पाटी भिंतीवर आहे, अक्षर माझं.

कँटीनवालीने नमुने दिले, वर टोमणाही दिला. म्हणाली, भात, अंडी, काकडीचे काप, सगळं न्या, पण डबे धुऊन परत करा, मागच्या वेळचे दोन तुमच्याच फ्रीजमध्ये वाढताहेत. त्या बाईची जीभ माझ्याइतकी लांब आहे. म्हणून तर वीस वर्षं आमचं पटलं.

१४ मार्च

चाळीस पुरे. मान मोडली. लेबल वाचायला चष्मा वर, लांबचं बघायला खाली, दिवसभर हाच व्यायाम.

१८ मार्च, सोमवार

नऊ!!

चाळीसपैकी नऊ नमुन्यांत साल्मोनेला. माझ्या प्लेटांवर ठिपके असे बसलेत की आंधळ्यालाही दिसावेत. आणि सरांची पट्टी? एकही रेघ नाही. चाळीसच्या चाळीस "खुशाल जेवा".

सरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तिकडचा पट्ट्या उलट्यासुलट्या करून उजेडात धरत होता. मी म्हटलं, फुंकर मारून बघा, कदाचित लाजत असतील. मुंगीसुद्धा हसली. असा दिवस नोकरीत एकदाच येतो.

१९ मार्च

रिपोर्टवर सही केली. संस्थेच्या कँटीन कमिटीने तासाभरात खाली कुलूप लावलं. इतर वेळी यांना पंखा दुरुस्त करायला आठ महिने लागतात.

२० मार्च

सगळी इमारत उपाशी. सात डॉक्टरेट आणि एकालाही चहा करता येत नाही.

२२ मार्च

कँटीनवाली वर आली होती. दोन डबे मागायला. मी फ्रीजमधून काढून धुऊन दिले. घेऊन लगेच जाईल असं वाटलं, पण उभीच राहिली. महिनाअखेरीस कंत्राट दुसऱ्याला देणार आहेत, असं ऑफिसात ऐकलं म्हणाली. त्या दुसऱ्याला म्हणे आत्ताच बोलावून ओटाही दाखवला.

"ताई, वीस वर्षं माझ्या हातचं खाताय. कधी पोट तरी दुखलं का तुमचं?"

मी तिला सांगितलं की जंतू ओळख बघत नाही आणि प्लेटही बघत नाही. चांगलं वाक्य. मनात म्हणून बघितलं होतं त्याहून चांगलं आलं. तिने डब्यांची झाकणं लावली. म्हणाली, हात मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा धुते. आणि गेली. आज पहिल्यांदाच तिने मला टोमणा मारला नाही.

वाईट वाटलं. पण निकाल तो निकाल.

२५ मार्च, सोमवार

मुंगीला कुठल्याशा कामासाठी सरांनी दिवा काढून दिला होता. माझ्या नऊ प्लेटा अजून शीतकपाटात होत्या, फेकायच्या राहिलेल्या. तिने सहज त्या दिव्याखाली धरल्या. मला हाक मारली. नेहमीसारखीच, हळू.

हिरव्या. नऊच्या नऊ.

म्हणजे कँटीनच्या अन्नात काहीच नव्हतं. प्लेटांवर उगवला तो आमचाच. पाळीव. लॅबमध्येच कुणीतरी तो माझ्या नमुन्यांत कालवला.

कुणीतरी!!

२६ मार्च

तिकडचाच. दुसरं कोण? कानामागे पिपेट खोचणारा माणूस. मी सरांसमोर सरळ सांगितलं की असले हात लॅबमध्ये असतील तर तुमची पट्टी काय आणि माझी प्लेट काय. तो लाल झाला, पण आवाज चढवला नाही. म्हणाला, मॅडम, तुम्ही मला तुमच्या टेबलाच्या चार फुटांत येऊ दिलं होतं का? पट्टीचं काम मी पलीकडच्या खोलीत केलं. वर हेही म्हणाला की पट्टी तर बरोबरच बोलत होती.

हे मला दुपारभर टोचत होतं. म्हणून त्याच्याविषयी आणखी दोन वाईट गोष्टी आठवून ठेवल्या.

सर म्हणतात, कुठून आला ते कळल्याशिवाय कमिटीला एक शब्दही कळवायचा नाही, लॅबची शोभा होईल. खाली कुलूप. महिना संपायला पाच दिवस.

२७ मार्च

मुंगीने वही मागितली. दिली. चाळीस नमुने, चाळीस सह्या, सगळ्या माझ्या. तिने तारखांखाली बोट फिरवलं. पहिल्या दिवशीच्या दहांत एकही नाही. दुसऱ्या दिवशी दोन. मग तीन. मग चार. म्हणजे सोमवारी संध्याकाळी कंट्रोलचा चंबू उघडला, तेव्हा तो कशाला तरी चिकटला, आणि मंगळवारपासून ते काहीतरी नमुन्यांजवळ रोज येत राहिलं. हे ती बोलली नाही. तिचं बोट बोललं.

मग तिने कापसाच्या काड्या घेऊन एकोणीस जागा पुसल्या. फ्रीजची मूठ, पिपेट, वजनकाटा, नळ, दाराची कडी, माझा पेन, तिकडच्याचा कोट (मी सांगितलं म्हणून). ग्लोव्ह्ज रोज नवे घालते, ते मी तिला दोनदा ऐकवलं. काड्या प्लेटांवर फिरवून इन्क्युबेटरमध्ये ठेवणार, तेवढ्यात थांबली. माझ्याकडे बघत होती. म्हणजे माझ्या गळ्याकडे.

"काकू, दोरी?"

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ती ऐकत उभी राहिली. विसावी काडी हातात तशीच.

ग्लोव्ह्ज नवे, पण त्याच हातांनी चष्मा वर, चष्मा खाली. वाकलं की दोरी पुढे झुलते, चंबूच्या तोंडाशी. दोरी धुवायची कुणाला आठवण? पाटीवर लिहिलं नव्हतं.

चष्म्यासकट काढून दिली.

२८ मार्च

दोरी हिरवी. थेट पुसून घेतलेल्याला चार दिवस लागत नाहीत, एक रात्र पुरते. बाकी एकोणीस स्वच्छ, तिकडच्याचा कोटही.

सरांना विचारलं नाही. रिपोर्ट मागे घेतल्याचं पत्र लिहिलं, कारण आणि सहीसकट. चष्म्याशिवाय लिहिल्यामुळे अक्षर भिंतीवरच्या पाटीएवढं मोठं आलंय. एक प्रत कमिटीला गेली. दुसरी माझ्या हातात आहे, आणि कँटीनवाली खाली भांडी बांधतेय, आवाज इथपर्यंत येतोय. बावीस पायऱ्या.