कोपऱ्यातला काळा दगड

४ मार्च, सकाळी ९
आजपासून रोज लिहायचं. फक्त स्वतःसाठी. इतरांच्या डोक्यात शिरणार नाही.
संस्थेकडे नदीतल्या गोट्यांचं काम आलंय. पुरात केवढा दगड वाहून येतो ते शोधायचं, त्यावर नव्या पुलाचे खांब ठरणार. आमच्या संस्थेतल्या एक बाई बावीस वर्षं नदीवर चिखलात उतरून पट्टीने गोटे मोजतायत. मी खुर्चीत बसून त्यांच्या चारशे फोटोंवरून मोजणार. प्रोग्राम तयार आहे. २१ तारखेला साहेबांपुढे मांडलं की नोकरी कायम.

७ मार्च
बाईंनी फोटोंसोबत चार पानांचं टिपण दिलं. आधी वाचा म्हणाल्या. वाचलं नाही. कॅमेऱ्याची उंची ठाऊक आहे, बाकी सगळं गणित. ज्यांना गणित येत नाही ते टिपणं लिहितात.

१२ मार्च
शोध लागला! प्रत्येक फोटोत, उजव्या कोपऱ्यात, एक काळा दगड. अगदी गोल. व्यास ६७ मिलिमीटर. चारशेच्या चारशे फोटोंत! बावीस वर्षांत बाईंना दिसला नाही. गाढवाला गुळाची चव काय!

१३ मार्च
बायकोला सांगितलं. तिने विचारलं, तो कोपऱ्यातच कसा बसतो? म्हटलं, निसर्गाला शिस्त असते, आपल्या घराला नाही. एकदा नदीवर जाऊन हातात घेऊन बघा, म्हणाली. बूट खराब होतात.

१८ मार्च
दगडाला माझं आडनाव द्यायचं ठरलं. (मीच ठरवलं.) बाईंनी पुन्हा विचारलं, टिपण वाचलंत ना? हो म्हटलं. पोटदुखी, दुसरं काय! शर्ट इस्त्रीला दिला.

२१ मार्च, दुपारी ४
हॉल भरलेला. दगड पडद्यावर चार फुटी दाखवला. मागे कुणीतरी खोकलं, मग सगळा हॉल हसला. बाई हसल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी पर्समधून कॅमेऱ्याच्या लेन्सचं काळं झाकण काढून टेबलावर ठेवलं. मापासाठी फोटोत ठेवते, टिपणाच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय, म्हणाल्या. साहेबांनी पट्टी मागवली. ६७ मिलिमीटर.
माझी मोजणी बिनचूक निघाली, हे एकालाही सुचलं नाही.

२४ मार्च
नोकरीचं पुढच्या वर्षी बघू म्हणे. तोवर बाईंबरोबर नदीवर. फोटो त्या काढणार, मी झाकण ठेवायचं आणि उचलायचं. ठेवण्यातही एक कसब लागतं, ते सगळ्यांना जमत नाही.
अकरा वाजता झाकण वाहून गेलं. बाईंनी पट्टी काढून माझ्या हातात दिली.