माझ्या नावाने कोण खेळतंय?

सोम., ५ जाने.

नंदूने पासवर्ड बदलला. माझ्यासमोरच, पण पाठ फिरवून. मीच सांगितलं होतं तसं कर म्हणून, तरी ती पाठ बघून राग आला. "कुठे लिहून ठेवलास?" तर म्हणे, "डोक्यात आहे." बावीस वर्षांत ज्या नवऱ्याच्या डोक्यात माझा वाढदिवस राहिला नाही, त्याच्या डोक्यात!

तर फोनवरचा रणबुरूज खेळ बंद. दिवस पहिला. तीन वर्षं खेळले. वाघनखी या नावाने.

कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःशी खोटं बोलता येणार नाही. लढाया रोज दुपारी दोनला आणि चारला. गेल्या सोमवारी दोनची चालू होती. मी लॅबमध्ये. एका हाताने रक्ताच्या नळ्यांना लेबलं लावतेय, दुसऱ्या हातात फोन. दोन नळ्यांची लेबलं उलटसुलट झाली. फिलूमावशींची साखर एकदम नॉर्मल आली. त्या खूश होऊन तीन दिवस नाताळचा उरलेला केक खात बसल्या. त्यांच्या डॉक्टरांना आकडा पटला नाही, म्हणून निभावलं.

लॅबच्या मॅडमना मी स्वतः जाऊन सांगितलं. ओरडल्या नाहीत. "कामाच्या वेळात फोन लॉकरमध्ये, चावी माझ्याकडे," एवढंच. इतक्या शांत का होत्या? माझ्या जागेवर दुसरी बघतायत बहुतेक.

बुध., ७ जाने.

दिवस तिसरा. दोन वाजले की हात आपोआप एप्रनच्या खिशात जातो. खिसा रिकामा. अंगठ्याला पट्टा बांधलाय, तरी आतून ठणकतो. डॉक्टर म्हणाले, हा शिवणकाम करणाऱ्यांचा आजार. मी मान हलवली. शिवणकामच म्हणा.

फिलूमावशी पुन्हा रक्त द्यायला आल्या. माणिकपूरच्याच, चर्चमागे राहतात. मीच सुई घातली. म्हणाल्या, "तुजा हात हलका हाय गो बाय. त्या दिशी दुसरी कोन होती?"

कापूस दाबून धरला. मॅडम पलीकडच्या टेबलावरून बघत होत्या, की मला तसं वाटलं?

शुक्र., ९ जाने.

रुचाची बारावीची प्रिलिम चालू आहे. पुस्तकात डोकं, पण लक्ष माझ्यावर. मी फोन उचलला की तिची मान वर. आज विचारलं, "आई, पासवर्ड बाबांकडे कशाला? सरळ डिलीट का नाही केलंस?"

"करते ना."

"कधी?"

डिलीट केलं की वाघनखी गेली. तिला लोक विचारून लढाई आखायचे. वैशाली म्हात्रेला कोण काय विचारतं? भाजी कोणती, एवढंच.

शनि., १० जाने.

मीनलचा फोन. सांगलीची, आमच्या तुकडीतली, अजून कधी भेटलेली नाही. "ताई! बरं झालं परत आलात. काल पूर्वेचा बुरूज तुमच्यामुळे वाचला."

मी म्हटलं, "काल?"

"चार वाजता. तुम्ही हललाच नाहीत तिथून. समोरचे गोंधळले, त्यांना वाटलं सापळा आहे."

काल चार वाजता मी एका तान्ह्या बाळाची शीर शोधत होते. फोन लॉकरमध्ये.

मी मीनलला "ती मी नव्हे" म्हणाले नाही. का नाही म्हणाले? कौतुक ऐकायला बरं वाटत होतं. स्वतःवरही नजर ठेवावी लागणार आहे.

कोणीतरी माझ्या नावाने खेळतंय.

रवि., ११ जाने.

रुचाच. दुसरं कोण? बापाकडून पासवर्ड काढणं तिला कठीण नाही. ती आंघोळीला गेल्यावर तिचा फोन बघितला. काही सापडलं नाही. पुसलं असेल. विचारलंच शेवटी.

तिने फक्त माझ्याकडे बघितलं. मग माझाच फोन उचलून माझ्यासमोर धरला. क्लासचा मेसेज : शुक्रवार, साडेतीन ते साडेपाच, हजर.

"तुझ्यामुळे मी घरात अभ्यास करत नाही, क्लासच्या जिन्यावर बसून करते. आणि तू माझ्यावर?"

दार आपटलं. जेवली नाही. भाताचं ताट झाकून ठेवलं, ते तसंच.

सोम., १२ जाने.

म्हणजे नंदू.

नोंदी :

१. कारखान्यातली त्याची पहिली पाळी साडेतीनला सुटते. आधी वालीवच्या नाक्यावर चहा, गप्पा, पाचपर्यंत घरी. आता पावणेचारला घरी. शेजारच्या काकूंनी सांगितलं, न विचारता.

२. आमच्याकडे तुळिंजला पाणी चार ते साडेपाच. पिंप भरायचं काम त्याचं. आज पिंप अर्धं. "मोटार बंद होती," म्हणाला. काकूंचं भरलेलं.

३. चार्जर बेडरूममधून स्वयंपाकघराच्या बाल्कनीत गेलाय.

खेळासाठी नसणार. ह्याला पत्ते सुद्धा येत नाहीत. हा माझं वाचतोय. मागे एकदा विचारलं होतं त्याने, "हा सरदार कोण? तुला राणीसाहेब का म्हणतो?" मी म्हटलं, खेळात सगळ्यांनाच म्हणतात. सगळ्यांना म्हणत नाहीत. मलाच म्हणतात.

तीन वर्षांच्या गप्पा आहेत तिथे. तुकडीतल्या सरदारांना मी काय काय लिहिलंय ते आठवत बसले. नंदू आठ-आठ दिवस बोलत नाही. कारखाना बंद पडला होता तेव्हा बाथरूममध्ये नळ सोडून रडायचा, मला कळू नये म्हणून. मी दमून आले तरी घरात कोणी "चहा घेतेस का" विचारत नाही.

ते नळाचं लिहायला नको होतं.

बुध., १४ जाने.

संक्रांत. लॅबमधून आले, चप्पल काढतेय तोवर नंदू स्वयंपाकघरातून, "चहा घेतेस का?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा. तेच शब्द.

कप हातात दिला. आलं जास्त झालं होतं. तिळगूळ दिला, "गोड बोल" म्हणाला आणि दुसरीकडेच बघायला लागला. मी प्यायले. रागाने प्यायले, पण सगळा प्यायले. हा टोमणा आहे की माफी, काही कळायला मार्ग नाही.

रुचा अजून माझ्याशी कामापुरतं बोलते.

शनि., १७ जाने.

मॅडमना डोकं दुखतंय सांगून साडेतीनलाच निघाले. स्कूटी कोपऱ्यावर लावली, आवाज जाऊ नये म्हणून. सव्वाचारला जिना चढले. आपल्याच घराची किल्ली अशी चोरासारखी फिरवली.

बाल्कनीत पिंपाच्या झाकणावर नंदू. कानात इअरफोन. कपड्यांवर कारखान्याची धूळ तशीच. पाण्याचा पाइप बाजूला पडलेला. हा मोठमोठ्याने सांगतोय, "मीनल, पश्चिमेकडून ये! सरदार, तुम्ही मागे थांबा, गुडघ्याला जपा!" खेळातल्या माणसाच्या गुडघ्याला!

मी समोर उभी राहिले. त्याने इअरफोन काढला. कानांपर्यंत लाल.

"किती दिवस?"

"तू सोडलंस त्याच आठवड्यात. आधी फक्त बघायला उघडलं. सरदार कोण ते."

"कळलं?"

"बार्शीचे आहेत. एस.टी.त कंडक्टर होते. एकसष्ट वय. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू 'कोण' विचारलंस. 'कसे आहेत' नाही विचारलंस."

पुढे मीच विचारलं, "वाचलंस सगळं?"

"दोन वर्षांचं झालं. पहिलं वर्ष राहिलंय."

हसू आलं मला, त्याचाच राग आला. "नळाचं?"

खाली बघून म्हणाला, "मला वाटायचं ऐकू जात नाही."

पाणी येऊन गेलं. पिंप रिकामं.

तुकडीत सगळ्यांना त्याने मंगळवारीच सांगितलंय, मी वाघनखीचा नवरा. मीनलला माहीत होतं तर. गुरुवारी तिचा फोन आला होता, अर्धा तास बोलली, एक अक्षर नाही!

सोम., १९ जाने.

कारखान्यातून पवारांचा फोन. "वहिनी, नंदूची पाठ कशी आहे आता?"

"पाठ?"

"गुरुवार-शुक्रवार एक वाजताच गेला ना घरी. डॉक्टरकडे जातो म्हणाला."

मी म्हटलं, बरी आहे. खोटं बोलायची सवय आहेच मला, त्याच्यासाठी बोलले.

संध्याकाळी विचारलं, दोनच्या लढाईसाठी? तर, "दोनच दिवस गं." हेच वाक्य, ह्याच सुरात, मी लॅबमध्ये बोलायचे. माझा अंगठा, ह्याची पाठ. आणि ह्याचं काम साचे बदलायचं. तिथे लक्ष उडालं तर बोटं जातात.

त्याचा हात हातात घेऊन बोटं मोजावीशी वाटली. नाही घेतला. काय समजेल, म्हणून.

गुरु., २२ जाने.

तिघांची बैठक, जेवणाच्या टेबलावर. मी म्हटलं, पासवर्ड आता रुचाने बदलावा.

रुचा : "मला देऊ नका. माझी बारावी आहे. तुम्ही दोघं मोठे व्हा."

नंदूने मग आमच्यासमोर फोनवरून रणबुरूज काढून टाकलं. मी माझ्यावरून. वाघनखी मात्र तिकडे कुठेतरी आहेच, पासवर्ड घालणारा आला की उठणारी. खातंच पुसायचं का, विचारलं. नंदू म्हणाला, तुझं आहे, तू ठरव. मी म्हटलं, तू ठरव. रुचा ताट घेऊन उठली.

झोपताना रुचाच्या दाराशी गेले. "त्या दिवशीचं चुकलं माझं. फोनला पण हात लावायला नको होता." आतून, "हं." तेवढंच. पण उद्या जिन्यावर नाही, घरीच बसते म्हणाली.

रवि., २५ जाने.

कळंबच्या किनाऱ्यावर गेलो, मी आणि नंदू, स्कूटीवर. कधी आलो होतो शेवटचं? रुचा चौथीत असताना. भरती होती. सुरूच्या झाडाखाली बसलो. शेंगा खाल्ल्या. तो कारखान्यातलं सांगत होता, पवारांच्या मेहुण्याचं काहीतरी. मी अर्धं ऐकत होते, अर्धं बघत होते की हा इतका बोलतोय का.

चार वाजता दोघांनी एकाच वेळी घड्याळ बघितलं. एकमेकांना बघताना बघितलं. तो उठून पाण्याकडे गेला. खिशात फोन होता त्याच्या. मी लांबून त्याचे हात बघत राहिले. दोन्ही हात मागे बांधलेले, पूर्ण वेळ.

किंवा मला दिसले तेवढा वेळ.

रवि., १ फेब्रु.

लॅबमध्ये मॅडमनी लॉकरची चावी परत दिली. "आता तुमची तुम्ही सांभाळा." मी म्हटलं, महिनाभर राहू दे तुमच्याकडेच. हसल्या. दुसरी कोणी शोधत नव्हत्या बहुतेक. बहुतेक.

पिंप आठवडाभर भरलेलं आहे. पवारांना मी फोन केला, सहज, त्यांच्या मेहुण्याची चौकशी करायला. नंदू रोज साडेतीनपर्यंत होता. असं विचारणं बरं नव्हे. पण विचारलं. रात्री नंदूला सांगूनही टाकलं. त्याला राग आला नाही. म्हणाला, "मी पण रोज दोन वाजता लॅबच्या लॅंडलाइनवर फोन करतो. तू उचललास की ठेवून देतो."

म्हणजे रोज दोनचा तो राँग नंबरवाला हाच!

रवि., ८ फेब्रु.

सरदार आज जेवायला येतायत. विरारला पुतणीकडे आलेत, नंदूने मला न विचारता बोलावलं. रुचा : "दोन दिवसांवर परीक्षा, आणि तुमचे खेळगडी जेवायला?" तरी तिनेच पुढची खोली आवरली.

मी तीन वर्षांत त्यांचा चेहरा बघितलेला नाही. कोणती साडी, असा विचार आला आणि स्वतःचीच लाज वाटली. नंदूनेही दाढी केली आहे, रविवारची. कशासाठी?

अकराला त्यांचा फोन आला. आवाज तोच, पण खेळाच्या गोंगाटाशिवाय अगदी म्हातारा. "राणीसाहेब, रिक्षात बसलो. नंदूरावांना आणि तुम्हाला भेटायचं आहेच. पण एक विचारू का? दोनला लढाई आहे. माणसं कमी पडतायत. तुम्हाला त्रास होणार नसेल, तर तुमच्याकडे बसून पंधरा मिनिटं खेळलो तर चालेल? नाहीतर नको. तुम्ही म्हणाल तसं."

फोन स्पीकरवर होता. नंदू कांदा चिरत होता, ते थांबलं. रुचाच्या खोलीतलं पान उलटणंही थांबलं.

मी काय बोलते ते सगळेच ऐकत होते. मी पण.

"आधी या तर," म्हटलं. "जेवण गरम आहे."

हे लिहितेय तोवर खाली रिक्षा थांबली. नंदू जिना उतरतोय. भात झालाय. घड्याळात बाराला दहा कमी.