मायच्या मांडीवरची कळशी

उदगीर, १४ मार्च २०१६

चि. शिवलिंग यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं लावतोस, म्हणून लिहून राहिले. माझी उमा इथं माझ्याकडं बाळंत झाली. मुलगी हाय. मायला पणती झाली. बारसं तीन एप्रिलला, मायला घेऊन ये. तीन वर्षं झाली, तिनं माझा उंबरा ओलांडला न्हाई. कमरेमुळं तिला एसटी सोसत न्हाई, जीपवर चढता येत न्हाई. तुझी मारुतीच काय ती तिच्या बेताची.

पाण्याचं विचारू नकोस. नळ महिन्यानं एकदा, बाकी टँकर. उदगीर जिल्हा होणार म्हणून इथं रोज चर्चा. होऊ दे बापडा, कलेक्टर आला तरी आंघोळीला पाणी मागंलच.

मायेत कमी करू नकोस.
तुझी चांगुणाअक्का

नांदेड, १९ मार्च

ती. चांगुणाअक्कास शिवलिंगचा सा. न. वि. वि.

पत्र मायला दोनदा वाचून दाखवलं. तिनं लगेच पेटीतून लुगडी काढली. आता अडचण सांगतो, रागावू नकोस.

गाडी दिवाळीपासून दारात धूळ खात उभी होती. परवा चालवली तर डावीकडं ओढायली, चाक तर तापून हात लावू देईना. ब्रेक पॅड दाबून धरणारं कॅलिपर आतून जाम झालेलं. पुढच्या दोन्ही चाकांची नवी आणून मीच बसवली. मेकॅनिकला बोलवा म्हणून बायको सांगत होती. मी म्हणालो, नोकरीत असताना खात्यातल्या जीपा कोण बघत होतं? आता पाय दिला की पेडल लोण्यात गेल्यागत खाली जातं. नळीत हवा राहिली म्हणून ऑइल ओतून ओतून चारदा हवा काढली, पेडल तसंच.

असल्या ब्रेकवर मायला बसवायची माझी छाती न्हाई. तिला तसं सांगितलं. तिनं लुगडी परत पेटीत ठेवली. तेच लई लागलं.

राग गिळून लोभ ठेवावा.
शिवलिंग

उदगीर, २३ मार्च

चि. शिवलिंग यास आशीर्वाद.

लहानपणी सदऱ्याची गुंडी खालवर लावून शाळेत जाणारा तूच ना?

आमच्या गच्चीवरच्या टाकीला टँकरचा पाइप लावला की पाणी मधेच अडतं. मी खालचा सांधा सोडून बघितला, नुसतं पाणी वाया गेलं. वरचा ढिला केला की फुस्स करून हवा जाते. हवा वर चढून बसते, तिला खालून वाट दिली तर ती कशाला येते? तुझ्या त्या कॅलिपरला हवा सोडायचं तोंड असेलच. ते वर हाय का खाली, तेवढं बघ. मला गाडीतलं कळत न्हाई, पण तुझ्यातलं कळतं.

मायला म्हणावं, पेटीला कुलूप लावू नको.
तुझी अक्का

नांदेड, २७ मार्च

ती. अक्कास सा. न.

तोंड खाली होतं. डाव्या चाकाचं कॅलिपर मी उजवीकडं बसवलं होतं आणि उजव्याचं डावीकडं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पण तुझं पत्र बायकोच्या हाती लागलं. आता दोन दिवस चहाबरोबर तेच मिळून राहिलंय. अदलाबदल केली, हवा काढली, पेडल दगडागत घट्ट झालं. मेकॅनिकलाही दाखवलं. कंधारपर्यंत एकटा जाऊन आलो, तिथला उतारही बघितला.

तरी मायचा ब्रेकवर भरवसा न्हाई. दुष्काळात लेकीकडं रिकाम्या हातानं जायचं न्हाई म्हणते. आपल्या बोअरचं पाणी, दोन कॅन डिक्कीत आणि पणतीच्या न्हाणीला एक भरली कळशी स्वतःच्या मांडीवर. सांडली तर ब्रेक खोटा, असं तिनं ठरवूनच टाकलंय. शनिवारी निघतो.

भेटीपर्यंत लोभ राहू द्यावा.
शिवलिंग

उदगीर, ८ एप्रिल

चि. शिवलिंग यास अनेक आशीर्वाद.

तू नांदेडला सुखरूप पोचल्याचं कळलं. माय पाऊस पडेपर्यंत इथंच राहते म्हणते. पणतीला पायावर घेऊन बसते आणि येईल त्याला सांगते, नांदेडहून इथवर थेंब सांडला न्हाई.

दारातलं मात्र ती सांगत न्हाई. गाडी दिसली आणि मला राहवलं न्हाई, सरळ रस्त्यात येऊन उभी राहिले. तू ब्रेक दाबलास. गाडी माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि अर्धी कळशी मायच्या पायावर गेली. ब्रेक खोटा ठरला म्हणून तू मान खाली घालून बसलास. मी बघत होते.

अरे, गावाहून आलेल्या माणसाच्या पायावर पाणी घालून घरात घ्यायची आपली रीत. त्या दिवशी घरात तांब्याभर पाणी होतं, तेही बाळंतिणीचं; आणि मायनंच आणलेलं तिच्याकडं मागून तिच्या पायावर कसं घालायचं? तीन वर्षांनी माय दारात यायची आणि तिच्या पायावर घालायला पाणी न्हाई, म्हणून मी सकाळपासून रडून राहिले होते. ते तुझ्या ब्रेकनं घातलं.

गाडी सावलीत ठेव, लोभ जवळ ठेव.
तुझी चांगुणाअक्का