सुरंगीला वळसा

बाई, तुमच्या प्रयोगशाळेच्या इमारतीला अखेर रॅम्प झाला. कॉलेजने जुनं आवार सुधारायचं मनावर घेतलं. छपरावर सौर पॅनेल आली, पागोळ्यांचं पाणी टाकीत जायला लागलं, आणि त्या चौदा पायऱ्यांच्या बाजूने एक उतार वर गेला. काम माझ्याच देखरेखीखाली झालं. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, तरी पहिल्यांदा वाटलं ते हेच, की बाईंना सांगायला हवं.

विद्यार्थी म्हणून मी कसा होतो ते तुम्ही जाणताच. सूक्ष्मदर्शकात न बघता पुस्तकातली आकृती वहीत उतरवली, तेव्हा वही परत करत म्हणालात, "डोळे चांगले आहेत रे तुझे, पण आळस मेला जात नाही." पुढे डिप्लोमा करून मी त्याच कॉलेजात बांधकामावर लागलो, तर स्टाफरूममध्ये पेढे तुम्हीच वाटलेत.

अठ्ठ्याण्णवचा मे महिना. तुम्ही माझ्या टेबलापाशी येता. पायात कॅलिपर, काखेत कुबडी, कपाळावर घाम. "पावसात पायऱ्यांच्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं. भीती वाटते मला आता. बाजूने उतार काढता येईल का?" मी बाहेर येऊन टेप धरतो. सरळ रेषेत सुरंगी आड येते. "झाड तोडावं लागेल, बाई," मी म्हणतो. तुम्ही वर फांद्यांकडे बघता. आयुष्यभर झाडंच शिकवलेली बाई, दुसरं काय बोलणार? "मग राहू दे," म्हणता, आणि भिंतीला हात टेकून एकेक पायरी चढू लागता.

दोन पावसाळे निभावलेत. तिसऱ्यात घसरलात, खुबा मोडला, शिकवणं सुटलं. वर्गाशिवाय तुम्हाला दुसरं होतं काय? शिमग्याच्या सुमारास घरी आलो, तर खाटेवरून विचारलंत, "सुरंगी फुलली का रे?" मी हो म्हटलं. माझ्याच्याने तिथे फार वेळ बसवलं नाही. त्याच वर्षी तुम्ही गेलात.

परवाच्या कामात गवंड्याने आखणीला सुतळी ताणली. झाडाशी थांबून माझ्याकडे बघत म्हणाला, "सायेब, झाडाला कशाला हात लावायचा? हितनं वळवूया की!" खुंटी ठोकून त्याने सुतळी वळवलीसुद्धा. पाच मिनिटांचं काम. उद्घाटनाला प्राचार्यांनी माझं कौतुक केलं, झाड राखून वाट दिली म्हणून. टाळ्या पडल्या. मी उठून नमस्कार केला, बाई. तोंड वर करून केला.

त्या मे महिन्यात टेप गुंडाळतानाच मला ते वळण दिसलं होतं. पण सरळ रॅम्पचा ठरावीक नकाशा कपाटात तयार होता, वळणाचा नवा काढायचा मला कंटाळा आला. झाडाचं नाव घेतलं की तुम्ही गप्प बसाल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तुमची बहीण अजून त्याच घरात राहते. आमच्या ताईने झाडासाठी पायऱ्या सोसल्या, असं येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगते. हे पत्र तिच्या हाती द्यावं म्हणून लिहायला बसलो होतो. देणार नाही. तिला वाईट वाटेल म्हणून नव्हे. गेलो की ती अजून मला चहा विचारते, म्हणून.