टिल्लू आज्ञा पाळत नाही

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. उद्देश एकच. 'लँटर्नबीस्ट' या गेममालिकेतल्या सगळ्या डिझाइन-चुका नीट नोंदवायच्या आणि महिनाअखेर कंपनीला पत्र पाठवायचं. नऊ भाग, सत्तावीस वर्षं, चुका अंदाजे शंभर. रोज चार लिहिल्या तरी पंचवीस दिवसांत काम फत्ते. वरचे दिवस भाषा तपासायला.
पत्राच्या सुरुवातीला गेमची ओळख हवी. जंगलात हिंडायचं, विचित्र प्राणी दिसला की कंदिलाचं झाकण उघडायचं, तो आत ओढला जातो आणि आपला होतो. मग त्याला लढवून मोठा करायचा. बस.
चूक क्र. १ : काही प्राणी कितीही लढवा, मोठे होतच नाहीत. केबल लावून दुसऱ्याच्या यंत्रात पाठवले तरच वाढतात. म्हणजे दोन यंत्रं हवीत, दोन कॅसेट हव्यात, वर घरात दोन मुलं हवीत. एकट्याने खेळणाऱ्याने करायचं काय?
बाकीच्या तीन संध्याकाळी.

४ मार्च, मंगळवार
काल एकच झाली. हरकत नाही. आज सात.
चूक क्र. २ : एका कॅसेटमध्ये एकच खेळ साठतो.
चूक क्र. ३ : दुसऱ्याकडून आलेला प्राणी आज्ञा पाळत नाही. कधी ऐकतो, कधी पाठ फिरवून झोपतो.
माझ्याकडे असा एकच आहे. नाव TILLU. माहितीच्या पानावर 'मूळ पालक : DADA'. घरी मला टिल्लू म्हणतात. मी एकोणचाळीसचा आहे, कवळ्या बनवतो, माझी स्वतःची एक दाढ गेली, तरी आई टिल्लूच म्हणते. दादाने त्याच्या सगळ्यात लाडक्या प्राण्याला माझं नाव दिलं होतं. दादा गेला तेव्हा तो सतरा वर्षांचा, मी बारा. जाण्याआधी त्याने TILLU मला दिला. नंतरच्या प्रत्येक भागात, आठव्यापर्यंत, मी त्याला बरोबर नेलं. आधी केबलने, मग एका अडॅप्टरने, मग इंटरनेटवरून.
आणि सत्तावीस वर्षं स्क्रीनवर तेच वाक्य : 'TILLU दुर्लक्ष करतो आहे.'
ही सरळसरळ प्रोग्रामिंगची चूक आहे. पत्रात ठळक अक्षरांत.

७ मार्च, शुक्रवार
घात. कंपनीची मेल आली. आठव्या भागाचा सर्व्हर ३१ मार्चला संध्याकाळी पाच वाजता बंद. आपले प्राणी त्याआधी नवव्या भागात हलवा, नाहीतर ते पुसले जातील.
TILLU ची जात नवव्या भागाच्या यादीत आहे. (निम्म्या जाती वगळल्यात. चूक क्र. ४.) म्हणजे प्रश्न मिटला. रविवारी अर्ध्या तासात उरकतो.

९ मार्च, रविवार
नाही उरकलं. बारीक अक्षरांतली अट वाचली. प्राणी हलवताना मूळ पालकाचं नाव निघून खातेदाराचं, म्हणजे माझं, नाव लागणार. त्यानंतर तो प्राणी सगळ्या आज्ञा पाळेल.
हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, बरं झालं की, इतकी वर्षं तुझी हीच तर तक्रार होती.
तिला गेम डिझाइनमधलं काही कळत नाही.
चूक क्र. ५ : हे.

१२ मार्च, बुधवार. डब्याच्या सुट्टीत
लॅबमध्ये आज एका बाईंची वरची कवळी. मालकांनी मेणातले दात बघितले आणि म्हणाले, फार सरळ लावलेत, बघताक्षणी खोटे कळतात. एखादा जरा वाकडा कर. मी एक वाकडा केला. ते म्हणाले, आता बाकीचे खोटे वाटतात. सगळे काढून पुन्हा बसवले.
सकाळी चहा घेताना हिने एक प्रश्न विचारला. दादाने TILLU तुला दिला, तो कधी? मी म्हटलं, तो दवाखान्यात असताना. ती म्हणाली, पण तू तर सांगितलं होतंस की लहान मुलांना त्या वॉर्डात सोडत नव्हते, तू खालच्या बाकावर बसायचास. मग केबल लावली कशी?
प्रश्न चुकीच्या पद्धतीने मांडलेला आहे. सविस्तर उत्तर उद्या.

१३ मार्च, गुरुवार
आज वेळ नाही.

१४ मार्च, शुक्रवार
आजही नाही. ही पुन्हा काही बोलली नाही. तिचं न बोलणं घरभर असतं.
TILLU ला जंगलात नेलं. पाच वेळा हल्ल्याची आज्ञा दिली. चार वेळा पाठ. पाचव्या वेळी त्याने वळून माझ्याकडे बघितलं आणि मग झोपला. असं वळून बघणं आठव्या भागात आहे असं कुठेच लिहिलेलं नाही. फोरमवर विचारलं. एकाने उत्तर दिलं की तुमच्या डोळ्यांना विश्रांती द्या.

१६ मार्च, रविवार
आईकडे गेलो. कारण तांत्रिक. दादाचं जुनं यंत्र तपासायचं होतं. ते तिच्या कपाटात, स्वेटरांच्या खाली, त्याच्या चष्म्याच्या शेजारी होतं. आईने विचारलं, कशाला हवंय? मी म्हटलं, पत्रासाठी पुरावा.
नवे सेल घातले. ती ओळखीची धून वाजली. आई स्वयंपाकघरातून दारापर्यंत आली आणि परत गेली.
स्क्रीनवर 'पुढे चालू' हा पर्यायच नाही. फक्त 'नवीन खेळ'. कॅसेटच्या आत बटणाएवढी बॅटरी असते, ती संपली की आतलं सगळं जातं. दादाचे सगळे प्राणी गेले. त्यात माझा एक होता तोही गेला.
(चूक क्र. ६.)
मला वाटलं, सुटलो. 'सुटलो' म्हणजे, एक मुद्दा मार्गी लागला या अर्थाने.

१९ मार्च, बुधवार
आढावा. शंभरपैकी सहा. रोज आठ-नऊ केल्या तर अजूनही जमेल. आजपासून पहाटे पाचला उठायचं.

२० मार्च, गुरुवार. सकाळी ८.१५
आत्ता उठलो.
स्वप्न पडलं. दादा लॅबमध्ये माझ्या बाकावर बसून प्लास्टरच्या जबड्यांची तोंडं एकेक करून उघडत होता आणि आत बघत होता. काय शोधतोयस विचारलं तर म्हणाला, काही नाही, तू काम कर.

२३ मार्च, रविवार. दुपार
ही बहिणीकडे गेली आहे. घर शांत. ही वही कोणी वाचणार नाही. तेव्हा एकदाच, पत्रासाठी पार्श्वभूमी म्हणून.
दादाच्या यंत्राचे सेल संपले होते. आईने ते घरी आणलं आणि मला सांगितलं की नवे घालून ठेव, उद्या परत न्यायचंय. TILLU तेव्हा लहान होता, ससुल्याएवढा, शेपटीत निखारा. तो दुसऱ्या यंत्रात गेला तरच मोठा होणार होता. दादा कधीपासून म्हणायचा, घरी आलो की आपण दोघं करू. मी पलंगावर दोन्ही यंत्रं ठेवली, केबल लावली, दोन्हीकडची बटणं मीच दाबली. बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. मी माझं एक गांडूळ दिलं, पहिल्या पातळीचं.
फक्त मोठा करून परत पाठवणार होतो. देवाशपथ.
पण तो मोठा झाला. भट्टीएवढा, पाठीतून धूर, आणि खाली माझं नाव. म्हटलं, आजचा दिवस राहू दे. दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना आई यंत्र घेऊन गेली.
तीन दिवसांनी दादाला घटकाभर खाली आणलं, चाकांच्या खुर्चीतून. त्याने आधी शाळेचं विचारलं. मग म्हणाला, "टिल्लू, माझा टिल्लू कुठे गेला रे?"
मी म्हटलं, "गेममध्ये चूक आहे. असं होतं कधी कधी."
त्याने मान हलवली. कधीच खोटं न सांगितलेल्या माणसावर ठेवतात तसा विश्वास ठेवला त्याने. म्हणाला, असल्या यंत्राचा काय भरवसा, आज हा गेला, उद्या दुसरा जाईल. त्यानंतर तो खेळला नाही. यंत्र आईबरोबर घरी पाठवून दिलं.
त्यानंतर तो एकोणीस दिवस होता. एकोणीस दिवस त्याच्याकडे काहीही नव्हतं.
जर तो प्राणी केबलशिवाय मोठा झाला असता तर यातलं काही घडलंच नसतं. म्हणून चूक क्र. १ ही क्र. १ आहे. माझा मुद्दा पहिल्यापासून तोच आहे.

२४ मार्च, सोमवार
कालचं पान फाडणार होतो. मागच्या बाजूला चूक क्र. ७ चा कच्चा मसुदा आहे म्हणून ठेवलं.

२७ मार्च, गुरुवार
ही परत आली. मी तिला वही दिली नाही. पण ती आल्याआल्या सांगून टाकलं, सगळं, ती बूट काढत असतानाच. तिने पिशवी खाली ठेवली. "आईंना सांगितलंस?" एवढंच विचारलं.
मी म्हटलं, आधी पत्र पूर्ण करतो.
ती आत गेली.

३० मार्च, रविवार
आईला सांगितलं.
ती खिडकीपाशी उशीचा अभ्रा शिवत होती. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली. आधी केबल म्हणजे काय ते समजावलं, मग आवृत्त्या, मग गांडूळ. मधे दोनदा भलतीकडे गेलो. तिने हातातलं काम थांबवलं नाही. संपल्यावर बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. दोरा चारदा हुकला. मी ओवून दिला.
मग म्हणाली, "मला त्या खेळाचं काही आठवत नाही. तो शेवटी शेवटी वाचत असायचा, एवढं आठवतं."
मी विचारलं, काय वाचायचा?
"औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं. मला मोठ्याने वाचून दाखवायचा. हसायचो आम्ही, कसली कसली नावं असायची. वाचायला दुसरं काही नव्हतं ना."
तिने टाका घातला, दोरा दाताने तोडला, आणि विचारलं, जेवून जाणार आहेस का.
ती रागावेल याची तयारी करून गेलो होतो. रडेल याचीही. ती म्हणेल, त्याला माहीत होतं रे, यासाठीसुद्धा मनाशी जागा करून ठेवली होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. आता माहीत आहे.
जेवलो. ताटात वाढलेलं सगळं संपवलं.

३१ मार्च, सोमवार. लॅब. ४.२० पासून
मालकांना सांगून लवकर हात धुतले. साच्यांच्या कपाटामागे स्टुलावर बसलो आहे. नेटवर्क तिथेच येतं.
पूर्ण विचार झाला आहे. TILLU ला हलवायचं. नाव गेलं तर गेलं, प्राणी तरी राहील. व्यवहारी निर्णय.
४.३१. TILLU निवडला. स्क्रीनवर प्रश्न आला : 'या प्राण्याचे पालक आपणच आहात का?' खाली हो आणि नाही.
४.३८. 'हो' वर बोट आहे.
४.४४. 'नाही' दाबलं. वाटलं, पुढे दुसरा प्रश्न येईल. मग पालक कोण, तुमचं त्यांच्याशी नातं काय, असं काहीतरी. आलं नाही. सरळ पहिल्या पानावर परत. 'नाही' म्हणणाऱ्यासाठी पुढे कोणी काही लिहिलेलंच नाही.
४.४९. पुन्हा नाही. पुन्हा पहिलं पान.
४.५३. एकूण सहा वेळा. मालक डोकावून गेले. काय चाललंय विचारलं. मी म्हटलं, एक कागदपत्र अडकलंय.
४.५७. त्याला एकदा जंगलात नेऊन आणलं. कसलीही आज्ञा दिली नाही. नुसते चाललो. तो मागून आला.
५.००.
५.०१. 'या ठिकाणी काहीही नाही.'

१ एप्रिल, मंगळवार
पत्र आज पाठवायचंच ठरवलं होतं. कंपनीला पत्र चालत नाही, वेबसाइटवर फॉर्म आहे. पाचशे अक्षरांची मर्यादा. माझ्या चुकाच नऊ पानं. (क्रमांक सातपर्यंत.) विषयाच्या यादीत तीन पर्याय : 'बिघाड', 'सूचना', 'इतर'.
तासभर कापाकापी केली. दर वेळी वाक्य कापलं की त्याच्या खालचं वाक्य जास्त खोटं दिसायला लागायचं. शेवटी सगळं पुसलं. 'इतर' निवडलं आणि लिहिलं :
'सत्तावीस वर्षांपूर्वी मी माझ्या भावाला सांगितलं की तुमच्या गेममध्ये चूक आहे. चूक नव्हती.'
पाठवलं. चारशे अक्षरं उरली.

३ एप्रिल, गुरुवार. सकाळी ९.०५
उत्तर आलं. आपण संपर्क साधल्याबद्दल आभार. आपल्या तक्रारीत गेमचा कोणताही दोष आढळला नसल्याने ती निकाली काढण्यात येत आहे. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का? हो / नाही.
'हो' दाबलं.
सर्व प्रतिनिधी सध्या व्यस्त आहेत म्हणे. रांगेत माझ्या पुढे दोनशे तेरा माणसं आहेत. मालकांना फोन करून सांगितलं, आज यायला वेळ लागेल. त्यांनी विचारलं, किती?
आता दोनशे बारा.